कपाशी आणि सरकी: धुळ्यात दोन पाळीव उंदीर दत्तक घेतल्याचा अनुभव

मागच्या आठवड्यात नाशिकहून आमच्या खात्यावर दोन हजार रुपये जमा झाले. ही रक्कम म्हणजे दोन उंदरांची अनामत होती, आणि ती परत मिळाल्यामुळे दत्तक घेण्याची एक वर्षाची प्रक्रिया कागदोपत्री पूर्ण झाली. मी धुळ्याला देवपूर भागात राहते आणि एका पतसंस्थेत लेखनिक आहे, त्यामुळे अर्ज, अनामत, करारनामा हे शब्द मला नवे नाहीत; पण हे सारे उंदरांसाठी करावे लागेल असे कोणी आधी सांगितले असते तर मी हसण्यावारी नेले असते. सुरुवातीला मराठीत शोधाशोध केली तेव्हा जे हाती लागले ते सगळे उंदीर घालवण्याच्या उपायांविषयी होते. म्हणून पाळण्याविषयीचे हे टिपण तारीखवार लिहीत आहे.

९ डिसेंबर २०२३ रोजी नाशिकला शिकणाऱ्या माझ्या भाच्याने उंदीर दत्तक घेण्याचे एक आवाहन पाठवले. तेथील एका विद्यार्थ्याने मत्स्यालयाच्या दुकानातून दोन पाळीव उंदीर आणले होते. दुकानदाराने दोन्ही माद्या असल्याचे सांगितले होते, पण त्यातील एक नर निघाला. उंदरांचा गर्भकाळ २१ ते २३ दिवसांचा असतो, एका वेताला आठ-दहा पिले सहज होतात, व्यायल्यानंतर एका दिवसाच्या आत मादी पुन्हा गाभण राहू शकते आणि पिले पाच-सहा आठवड्यांत स्वतःच वयात येतात. चक्रवाढ व्याजाचा हिशेब रोज पाहणाऱ्या माणसाला पुढचे सांगावे लागत नाही. पाच महिन्यांत त्या खोलीत ४३ उंदीर झाले, घरमालकाने खोली सोडायला सांगितले आणि अखेर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या काही स्वयंसेवकांनी सगळे उंदीर ताब्यात घेतले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत ‘उंदीर’ हा एकच शब्द असला तरी दुकानांत मिळणारे अंगठ्याएवढे पांढरे उंदीर म्हणजे ‘माउस’, आणि आमच्याकडे आले ते ‘रॅट’, म्हणजे वीतभर अंगाचे आणि जवळजवळ तेवढ्याच लांब शेपटीचे. गटारात दिसणाऱ्या तपकिरी उंदराचीच ही जात, पण शंभराहून अधिक वर्षे माणसाच्या हाताखाली वाढलेली. प्रयोगशाळांतील प्रसिद्ध ‘विस्टार’ वंशाची पैदास अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे १९०६ मध्ये सुरू झाली. घूस हा तर वेगळाच प्राणी आहे, तरीही वर्षभर आमच्या गल्लीत ‘त्यांनी घुशी पाळल्या’ असेच बोलले गेले.

मुलगी सहावीत आहे. तिला कुत्रा हवा होता आणि घर लहान म्हणून आम्ही दोन वर्षे ते पुढे ढकलत होतो. मी स्वतः प्राणिवेडी नाही. त्या आवाहनातील एका छायाचित्रात एक पांढरा उंदीर दुसऱ्याच्या पाठीवर हनुवटी टेकवून झोपलेला होता. ते छायाचित्र मुलीला दाखवण्याची चूक मीच केली.

१२ डिसेंबरला अर्ज भरला. त्यात ३८ प्रश्न होते. घरात किंवा शेजारी उंदीर मारण्याचे औषध वापरतात का, घरात कोणी साप पाळतो का, तुम्ही गावाला गेल्यावर दाणापाणी कोण पाहील, जवळच्या पशुवैद्याचे नाव काय, आणि मे महिन्यात दुपारी चार वाजता उंदरांच्या खोलीचे तापमान किती असेल. या शेवटच्या प्रश्नापुढे मी ‘मोजलेले नाही’ असे खरे ते लिहिले. उंदीर एकेकटा दिला जाणार नाही, किमान दोन एकाच लिंगाचे घ्यावे लागतील, अशीही अट होती, कारण हा कळपाने राहणारा प्राणी आहे आणि माणसाने कितीही वेळ दिला तरी सोबतीच्या उंदराची जागा भरून निघत नाही.

१९ डिसेंबरला स्वयंसेवक ताईंचा फोन आला. तो चाळीस मिनिटे चालला आणि त्यातील निम्मा वेळ उन्हाळ्यावर गेला. खानदेशातून अर्ज आला की आम्ही आधी नकारच गृहीत धरतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. उंदराला माणसासारखा घाम येत नाही. तो अंगातली बरीच उष्णता शेपटीवाटे बाहेर टाकतो, आणि खोलीचे तापमान तिशीच्या पुढे गेले की त्याला धोका सुरू होतो. आमच्याकडे तर मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो. त्यांनी चार गोष्टी मागितल्या: स्थानिक पशुवैद्याचे पत्र, उन्हाळ्याची लेखी योजना, पिंजऱ्याची छायाचित्रे आणि घरातील सर्व प्रौढ व्यक्तींची सही असलेले संमतिपत्र. शिवाय नर-मादी ६ डिसेंबरला वेगळे केलेले असल्यामुळे माद्या गाभण नाहीत याची खात्री होईपर्यंत, म्हणजे चार आठवडे, एकही मादी बाहेर जाणार नव्हती. कोणी घाईने मादी देत असेल तर ही मुदत पाळली आहे का, हे अवश्य विचारावे. नाही तर दोनाच्या जागी बारा घरी येतील.

प्रौढांच्या संमतीत आमच्या सासूबाई होत्या. त्यांना आम्ही जिजी म्हणतो. त्यांचे वय ७४, मधुमेह आहे, आणि घरात त्या अहिराणीच बोलतात. विषय काढताच त्या म्हणाल्या, “लोके उंदर माराले पिंजरा लावतस, आन तू त्यास्नाकरता घर बांधी राहिनी!” मला वाटले, हे हसण्यात निघून जाईल. तसे झाले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून १९९४ चा सप्टेंबर सांगायला घेतला. त्यांचा धाकटा भाऊ तेव्हा सुरतेला कापडाच्या कारखान्यात होता. खानदेशातील कितीतरी घरांतली माणसे पोटासाठी सुरत-उधन्याला असतात, आणि प्लेगची बातमी फुटल्यावर ती सारी मिळेल त्या गाडीने भुसावळच्या दिशेने निघाली. तो तोंडाला रुमाल बांधून रात्री दारात उभा राहिला, तेव्हा त्याला घरात घ्यायचे की नाही यावरून जिजींच्या घरी भांडण झाले. प्लेगवरच्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल औषधांच्या दुकानांतून संपल्या होत्या. “मना भाऊले ओट्यावर झोपाडं व्हतं,” एवढे सांगून त्या थांबल्या.

या भीतीला माहितीपत्रकाने उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. मी त्यांना आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. प्लेगचे जंतू रानटी उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतात, पिंजऱ्यात जन्मलेल्या आणि बाहेरच्या उंदरांशी संबंध न आलेल्या प्राण्यांबाबत ती चिंता नाही, असे डॉक्टरांनी समजावले. मात्र निरोगी दिसणाऱ्या उंदराच्या तोंडातही माणसाला ताप आणणारे जंतू असू शकतात, म्हणून मधुमेही माणसाने पिंजरा साफ करू नये, हाताळल्यावर प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत आणि चावा बसून नंतर ताप आला तर उंदीर पाळल्याचे डॉक्टरांना आधी सांगावे, असेही बजावले. जिजींनी २८ डिसेंबरला सही केली. सहीखाली त्यांनी माझ्याकडून एक ओळ लिहून घेतली: उंदीर माझ्या खोलीत येणार नाहीत.

पशुवैद्याच्या पत्रासाठी चार ठिकाणी जावे लागले. एका सरकारी दवाखान्यात केसपेपर काढताना कर्मचाऱ्याने नोंदवहीतील गाय, म्हैस, शेळी, मेंढी, कुत्रा असे सगळे रकाने पाहून झाल्यावर ‘इतर’मध्ये उंदीर लिहिले आणि मारण्याच्या औषधासाठी कृषी केंद्रात जायला सांगितले. मी पाळण्यासाठी म्हटल्यावर त्याने लिहिलेले खोडले. दुसऱ्या ठिकाणी डॉक्टर सौजन्याने बोलले, पण लेखी द्यायला तयार नव्हते. तिसऱ्या ठिकाणी दोनदा जाऊनही भेट झाली नाही. चौथे डॉक्टर तरुण होते आणि मुख्यतः कुत्री-मांजरे पाहत. ते म्हणाले, “शिकताना प्रयोगशाळेत हाताळले आहेत, वाचवण्यासाठी मात्र कधी नाही.” नाशिकच्या अनुभवी पशुवैद्याशी फोनवर सल्लामसलत करून उपचार करीन, असे त्यांनी आपल्या लेटरहेडवर लिहून दिले आणि शुल्क घेतले नाही. दिनांक ४ जानेवारी २०२४. हे पत्र उंदीर येण्याआधी मिळवण्याचा आग्रह किती योग्य होता, ते पुढे महिन्याभरातच कळले.

पिंजरा तयार मिळाला नाही. पक्ष्यांच्या पिंजऱ्याच्या तारांमध्ये अंतर जास्त असते आणि तरुण मादी डोके शिरेल तेथून पूर्ण बाहेर पडते. शेवटी वेल्डिंगच्या दुकानातून अर्धा इंच जाळीचा, तीन फूट लांब, दोन फूट खोल आणि तीन फूट उंच पिंजरा करून घेतला. नुसत्या जस्ताच्या जाळीत लघवी मुरून वास राहतो आणि कुरतडले तर जस्त पोटात जाते, म्हणून वरून पावडर कोटिंग करून घेतले. सगळे मिळून ३,६०० रुपये लागले. आतील मजल्यांवर तार उघडी ठेवू नये, तळपायांना जखमा होतात. आम्ही उरलेल्या शहाबादी फरशीचे तुकडे बसवले. भिंत ओलांडून येणाऱ्या बाहेरच्या उंदरांचा संपर्क नको, म्हणून पिंजरा जमिनीपासून अडीच फूट उंच लोखंडी मेजावर ठेवला.

अंथरुणाच्या बाबतीत माझी फजिती झाली. कपाशीच्या मुलखात राहून मऊ बिछान्याची काय चिंता, असे वाटून मी गावाकडून पिशवीभर सरकी काढलेला कापूस मागवला होता. छायाचित्र पाठवताच नाशिकहून फोन आला. मोकळ्या कापसाचे तंतू पायाला गुंडाळले जाऊन रक्त अडते आणि गिळले तर आतड्यात गोळा होतो. वखारीतला भुसाही चालत नाही. देवदार-चिडासारख्या लाकडाच्या वासातले घटक आणि बारीक धूळ उंदरांच्या फुप्फुसांना घातक ठरते. जुन्या सुती साड्यांचे तुकडे आणि छपाई नसलेला कागद, एवढेच मंजूर झाले. झुला परकराच्या कापडाचा शिवला. कापसाची उशी झाली, ती यजमान वापरतात.

७ जानेवारीला, रविवारी, व्हिडिओ कॉलवर घर पाहणी झाली. शेजाऱ्यांना विषारी गोळ्या आमच्या बाजूला ठेवू नका अशी विनंती केली आहे का, हे पुन्हा विचारले गेले. उंदराला उलटी करता येत नाही. त्यामुळे पोटात गेलेले विष बाहेर पडत नाही, आणि चुकीचा घास आम्ही दिला तरी तेच. कच्चा राजमा, कच्चे पावटे देऊ नयेत, ही सूचना मी त्याच वेळी स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावली.

१६ जानेवारीला करारनामा करायचा होता. शंभर रुपयांच्या मुद्रांकासाठी तहसील कचेरीजवळच्या मुद्रांक विक्रेत्याकडे गेले. त्याने दस्ताचा विषय विचारला आणि मी सवयीने ‘दत्तक’ म्हणाले. त्याने पेन खाली ठेवले. “ताई, दत्तकपत्राचे प्रकरण असे होत नाही, ते नोंदवावे लागते. वकील केला का? मूल नात्यातले आहे का?” मागे रांगेत सहा माणसे होती. मी हळू आवाजात प्राण्यांचे आहे असे सांगितले, त्याने मोठ्याने ‘कोणते?’ विचारले, आणि त्यापुढची पाच मिनिटे मला आठवायची नाहीत. त्याने शेवटी ‘करारनामा’ एवढेच लिहिले. तुम्हीही तेच सांगा. पाळीव उंदरासाठी आम्हाला कुठलाही परवाना काढावा लागला नाही. करारात प्रजनन करणार नाही, विकणार नाही, सापांना खाद्य किंवा प्रयोगासाठी देणार नाही, वर्षभर दर महिन्याला छायाचित्र व वजन कळवीन, अशी कलमे होती. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, असा त्यात उल्लेख होता, आणि तो वाचून उंदीरही त्यात आले हे माझ्या प्रथमच ध्यानात आले. नोटरीचे २५० रुपये, अनामत २,०००.

२६ जानेवारीला मुलीचे झेंडावंदन आटोपून आम्ही दिराच्या गाडीने मालेगाव, चांदवडमार्गे नाशिकला गेलो. जाण्यायेण्याचे पेट्रोल आणि टोल २,३०० रुपये झाले. तेथे दोन बहिणी मिळाल्या, अंदाजे चार महिन्यांच्या. एक पूर्ण पांढरी आणि लाल डोळ्यांची, दुसरी पांढरीच पण डोक्या-खांद्यावर काळपट टोपडे घातल्यासारखी. परत येताना राहुड घाट उतरेपर्यंत मुलीने कपाशी आणि सरकी ही नावे ठेवून टाकली होती. प्रवासात पाण्याची बाटली हिंदकळून अंथरूण भिजते, म्हणून ताईंनी डब्यात काकडीचे जाड काप ठेवले होते. दोघींनी मालेगावपर्यंत त्यांना तोंड लावले नाही आणि मग धुळ्यात शिरताना एकदम कुरकुर आवाज सुरू झाला.

पहिले दोन दिवस कोणी हात लावायचा नाही, असे सांगितले होते. मी वापरलेला एक जुना रुमाल पिंजऱ्यात ठेवला, वासाने ओळख व्हावी म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी तो जागेवर नव्हता. सरकीने तो ओढून वरच्या कोपऱ्यात नेला होता आणि दोघी त्यावर झोपल्या होत्या. हातावर यायला सरकीला सहा दिवस लागले, कपाशीला एकोणीस. उचलताना छातीखाली एक हात आणि मागच्या पायांखाली दुसरा हात हवा. शेपटीला धरून कधीही उचलू नये, तिची कातडी सोलून निघू शकते.

दोन गोष्टींनी आम्हाला उगाच घाबरवले. कपाशी एका जागी बसून मान डावी-उजवीकडे संथ हलवत राही. “ती पांढरी कसाले मान हालावस?” असे जिजींनी दारातूनच विचारले, आणि त्यांच्या मनात वाऱ्याचा संशय होता हे मला कळत होते. लाल डोळ्यांच्या उंदरांची नजर अधू असते. अंतर जोखण्यासाठी ते अशी मान हलवतात. दुसरे म्हणजे, एका रात्री मुलीच्या मांडीवर सरकी दात करकर वाजवू लागली आणि तिचे डोळे बुबुळांसकट आत-बाहेर होऊ लागले. झटका आला असे समजून मी डॉक्टरांना साडेदहा वाजता फोन केला. त्यांनी नाशिकला विचारून पाच मिनिटांत उलट फोन केला: ती खूश आहे.

खरे आजारपण ९ फेब्रुवारीला आले. कपाशी दोन दिवस शिंकत होती, आणि त्या सकाळी तिच्या डोळ्यांभोवती व नाकाशी लाल डाग दिसले. रक्त येते आहे, असे सांगत मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारले, तुमच्या पतसंस्थेत नोटा तपासायचा निळा दिवा आहे ना? ओल्या कापसाच्या बोळ्याने तो डाग टिपून मी बोळा डबीत घालून कामावर नेला. दहा वाजता गर्दी सुरू व्हायच्या आत रोखपालांच्या टेबलावरच्या दिव्याखाली धरला. पाचशेच्या नोटेवरचे धागे जसे चमकतात तसा तो डाग गुलाबी-लाल चमकला. रक्त असे चमकत नाही, ते काळपट दिसते. डोळ्यांमागच्या ग्रंथीतून येणारा हा पोर्फिरिन नावाचा रंग असतो. ताण किंवा आजार असला की तो वाढतो. रोखपाल भाऊसाहेबांनी काय तपासता म्हणून विचारले, तेव्हा मी खरे सांगितले. त्यांनी तो दिवा आठवडाभर रोज पुसला.

संध्याकाळी डॉक्टरांनी कपाशीची छाती कानाने ऐकली. बहुतेक पाळीव उंदरांच्या श्वसनमार्गात मायकोप्लाझ्मा नावाचा जंतू लहानपणापासून असतोच. तो पूर्ण जात नाही, फक्त दाबून ठेवता येतो, आणि धूर, धूळ किंवा लघवीचा उग्र वास वाढला की डोके वर काढतो. आमचा धूर सापडायला वेळ लागला नाही. त्याच खोलीत संध्याकाळी उदबत्ती आणि रात्री डासांची कॉइल लागत होती. कॉइल बंद करून खिडकीला जाळी लावली (४५० रुपये), उदबत्ती ओट्यावर नेली, आणि अंथरुणाचा ओला भाग चार दिवसांनी काढायचा तो रोज काढू लागले. डॉक्सिसायक्लिन वजनाप्रमाणे, दिवसातून दोनदा, चौदा दिवस. तपासणी आणि औषध मिळून ५८० रुपये. हे औषध दह्या-दुधातून देऊ नये, कॅल्शियममुळे त्याचा गुण कमी होतो. आम्ही कुस्करलेल्या केळ्यात दिले. सावद्याची केळी खात मोठी झालेली मी, चिमूटभर केळे इतक्या आतुरतेने कोणी चाटताना पाहिले नव्हते. पाचव्या दिवशी शिंका थांबल्या, तरी चौदा दिवस पुरे केले.

या आजारपणात स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा (३५० रुपये) सर्वांत उपयोगी पडला. उंदीर आजार लपवतो, पण वजन लपवू शकत नाही. आल्या दिवशी कपाशी १९५ ग्रॅम होती, आजारात १८१ वर उतरली, मार्चअखेर २३० झाली. तेव्हापासून दर रविवारी वजन होते. खाण्याचे फारसे लिहिण्यासारखे नाही: ज्वारी, बाजरी, नाचणी, ओट्स मिळून रोज प्रत्येकीला पंधरा ग्रॅमच्या आसपास, जोडीला भाजी, आठवड्यातून दोनदा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. महिन्याला सातशे रुपयांच्या आत सगळे भागते.

एप्रिल उजाडला तसे माझे लक्ष खोलीतल्या तापमापकावर खिळले. वरच्या खोलीत ५ एप्रिलला दुपारी चार वाजता ३६ अंश होते. लेखी योजनेत मी कूलर, ओले पडदे, बर्फाच्या बाटल्या असे सगळे लिहिले होते, पण स्लॅब तापल्यावर त्यातले काही पुरेना. घरात एकच खोली थंड राहते: खालची, जुन्या जाड मातीच्या भिंतींची, उत्तरेला खिडकी असलेली आणि कूलर बसवलेली. ती जिजींची. संमतिपत्रावरची ती ओळ माझ्याच हस्ताक्षरात होती.

मी त्यांना विनंती केली नाही. फक्त संध्याकाळी वरचा तापमापक खाली आणून त्यांच्या खोलीत टांगला. तो २९ वर उतरला. त्यांनी विचारले, हे काय, आणि मी सांगितले. त्या रात्री काही बोलल्या नाहीत. सकाळी मी कामावर निघताना म्हणाल्या, पिंजरा खिडकीकडे ठेव, पलंगाकडे नको. डॉक्टरांचे बंधन मी कायम ठेवले. साफसफाई मी किंवा मुलगीच करते.

पिंजऱ्यात एक फुटका माठ आडवा करून, ओल्या वाळूच्या परातीत अर्धा रुतवून ठेवला. माठाचा तो अर्धा भाग दिवसभर गार राही आणि दोघी त्यात पोट टेकवून पडत. कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर येऊ देऊ नये, भिंतीवर मारून खोली गार करावी. गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळूनच ठेवावी, आणि पाण्याच्या दोन बाटल्या असाव्यात. एकीच्या नळीतली गोळी अडकून पाणी थांबले तर मे महिन्यात संध्याकाळपर्यंत वाट पाहता येत नाही.

२३ मे २०२४. बाहेर पारा ४३ च्या पुढे गेला होता आणि दुपारी सव्वा वाजता वीज गेली. मला कामावर जिजींचा फोन आला, जो त्या सहसा करीत नाहीत. मी पोचले तेव्हा खोली ३४ वर होती. सरकी माठात होती, पण कपाशी फरशीवर चारी पाय पसरून सपाट पडलेली, तोंड अर्धवट उघडे, हनुवटीखाली लाळेने ओली, आणि शेपटी हाताला चक्क गरम. अशा वेळी बर्फ लावायचा नसतो. मी साध्या माठातल्या पाण्यात फडके भिजवून शेपटी आणि तळपाय पुसत राहिले. जिजी पलंगावर बसून जुन्या पुठ्ठ्याने वारा घालत होत्या. वीस मिनिटांनी शेपटी निवली. अर्ध्या तासाने कपाशीने फडक्यातले पाणी चाटले आणि मग ते फडकेच दातात धरून माठाकडे नेण्याचा प्रयत्न केला. वीज पावणेपाचला आली. कूलर सुरू होताच मी तो नेहमीसारखा पलंगाच्या बाजूला वळवला, तेव्हा जिजी म्हणाल्या, “तिकडेच राहू दे. माले पंखा बी चालस.”

त्या आठवड्यात आम्ही इन्व्हर्टरला बॅटरी बदलून घेतली. साडेअकरा हजार रुपये. हा खर्च उंदरांच्या नावावर टाकावा की नाही यावर घरात एकमत नाही.

पावसाळा आणि हिवाळा सुरळीत गेले. पाहुणे येतात, गणपतीचे वाहन असे म्हणून हात जोडतात आणि दोन पावले मागे सरकतात. याची आता सवय झाली आहे. दर महिन्याचे छायाचित्र आणि वजन पाठवत राहिले, फक्त ऑक्टोबरमध्ये दिवाळीच्या गडबडीत राहून गेले आणि तिसऱ्याच दिवशी विचारणा झाली. उंदराचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचे असते. मादीला वर्ष-दीड वर्षानंतर स्तनांच्या गाठी होण्याचे प्रमाण बरेच असते, म्हणून रविवारी वजन करताना काखेपासून जांघेपर्यंत बोट फिरवून पाहते. अजून काही लागलेले नाही. कपाशी २७० ग्रॅम, सरकी २९०.

अनामत परत आल्याचे सांगितले तेव्हा मुलीने या पैशातून पिंजऱ्याला आणखी एक मजला करावा असे सुचवले. जिजी तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “मजला ऱ्हाऊ दे. होळी जवळ उनी, कूलरन्या ताट्या बदली ले.”